२६ जूनची तिसरी घंटा

२६ जून २०२५ ला आम्ही सात जणांनी पुण्यात नाट्यसंगीताची मैफल केली. प्राइड महिन्यानिमित्त, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा आम्हा एलजीबीटीक्यू माणसांचा म्हणून साजरा होणाऱ्या जून महिन्यानिमित्त, तिकीट लावून, सगळ्या परवानग्या काढून. तयारीला लागलो तेव्हा कुठून सुरुवात करायची हेच कळत नव्हतं. ज्याला विचारावं तो एकच तुकडा सांगायचा. म्हणून तारखा, खर्च, वाट बघणं सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. कुणाला असं काही करायचं असेल तर आमच्याइतकं चाचपडायला लागू नये.

सुरुवात १९ जानेवारीला झाली, रविवारी सकाळी, आमच्या स्वयंपाकघरात. मी आणि माझी जोडीदार आठ वर्षं एकत्र राहतोय. मी दहा वर्षं गाणं शिकले आहे आणि काम करताना गुणगुणायची सवय आहे. त्या दिवशी तोंडात ‘प्रिये पहा’ होतं, ‘सौभद्र’मधलं श्रीकृष्णाचं पहाटेचं पद. ती चहा गाळता गाळता म्हणाली, “हे तू मला म्हणतेस तेव्हा कृष्ण कुठे असतो?” मी थांबले. खरंच, मी ते कधीच कृष्ण म्हणून गायले नव्हते. तिच्याकडे बघूनच गायले होते.

त्याच आठवड्यात मित्रमंडळींत विषय निघाला. आमच्यातला एक जण काही वर्षं परदेशात होता. तिकडे प्राइडमध्ये संगीतिकांमधल्या गाण्यांचे कार्यक्रम होतात, तसं आपणही करावं असं त्याच्या डोक्यात होतं, पण इंग्रजी गाण्यांचं. मला ते पटेना. ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला याच पुण्यात रंगमंचावर आलं. आपल्या नाटकातली माणसं तेव्हापासून गाऊन प्रेम करतात, गाऊन रुसतात, गाऊन घरच्यांना नाही म्हणतात. आपली गाणी असताना उसनी कशाला घ्यायची? मग तारीख शोधताना लक्षात आलं की संगीत नाटकांत स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८ चा, आणि न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल बारमध्ये समलिंगींचा पोलिसांविरुद्ध उठाव झाला, ज्याच्या आठवणीत प्राइड सुरू झालं, तो २८ जून १९६९ ला. दोन तारखांमध्ये दोनच दिवसांचं अंतर. २०२५ मध्ये २६ जूनला गुरुवार येत होता. तारीख ठरली.

पहिली बैठक २ फेब्रुवारीला. सात जण: चार गाणारे, एक तबलजी, एक निवेदक आणि एक हिशेब ठेवणारा. ऑर्गनसाठी मी माझ्या गाण्याच्या गुरूंना, बुवांना विचारलं. वय चौऱ्याहत्तर, उमेदीची वर्षं संगीत नाटकांच्या दौऱ्यांत गेलेली. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, घरी गेले. कार्यक्रम कशाचा, कुणाचा, मी त्यात कोण, सगळं एका दमात सांगून टाकलं. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्याविषयी काही सांगितलं नव्हतं. बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पदं कुठली काढलीयत, वही दाखव.” मी वही पुढे केली. बावीस पदं होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि अर्धी खोडली. “दोन तासांत बावीस पदं? नाट्यपदाला जागा लागते.” शेवटी अकरा राहिली.

पदं निवडायच्या बैठकीत प्रत्येकाने आपलं पद का, हे सांगायचं असं ठरवलं होतं. ‘सौभद्र’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. सुभद्रेचं मन अर्जुनावर आणि बलरामदादाने लग्न ठरवलंय दुर्योधनाशी. आमच्यातल्या एका मुलीला घरच्यांनी दोन वर्षांत नऊ स्थळं दाखवली होती. तिने ‘वद जाऊ कुणाला शरण’ घेतलं. तिला कारण विचारायची गरजच पडली नाही. दुसऱ्याने ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ मागितलं. रुक्मिणीचं पद, १९१६ साली बालगंधर्वांनी गाजवलेलं. तो म्हणाला, “मला साडी नको, मेकअप नको. माझ्या रोजच्या कुडत्यात गाणार. माझा नाथ तिसऱ्या रांगेत बसलेला असेल.”

याच बैठकीत एक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात बालगंधर्वांचा उल्लेख ‘आपल्यातलेच एक’ असा होता. बुवांनी तिथे बोट ठेवलं. “याला आधार काय?” आधार काहीच नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात काय होतं ते आपण ठरवू नये, हे मलाही पटलं. आपल्याविषयी लोक हेच तर करत आलेत. मग निवेदकाने वाक्य बदललं: एक पुरुष स्त्रीचं काम करत होता, बायका त्याच्यासारखी साडी नेसायला शिकत होत्या आणि घरंदाज महाराष्ट्र रात्रभर जागून त्याचं गाणं ऐकत होता. एवढं खरं आहे आणि एवढंच सांगायचं.

आता सभागृह. हा भाग सगळ्यात जिव्हारी लागला. मोठ्या नाट्यगृहांच्या तारखा कित्येक महिने आधी वाटल्या जातात आणि शनिवार-रविवार नाटकांकडे जातात, त्यामुळे आम्ही छोट्या खासगी सभागृहांकडे वळलो. एका ठिकाणी तारीख मिळाली, दोन हजार रुपये आगाऊ भरले, पावती घेतली. ११ मार्चला त्यांनी पोस्टरचा मसुदा मागितला. पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन आला: ती तारीख चुकून दोघांना दिली गेली आहे, पैसे परत घेऊन जा. मी संध्याकाळी आमच्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने साधी चौकशी करायला लावली. तारीख रिकामीच होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले होते. आता आपण गुन्हेगार नाही एवढंच डोक्यात होतं. पण कायद्याने गुन्हेगार नसणं वेगळं आणि सभागृह मिळणं वेगळं, हे त्या फोनने दाखवलं.

दुसऱ्या सभागृहाच्या अर्जात काय लिहायचं यावर घरी बराच खल झाला. नुसतं ‘नाट्यसंगीताचा कार्यक्रम’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मग पुन्हा शेवटच्या घटकेला तेच झालं असतं. म्हणून आम्ही अर्जातच पूर्ण लिहिलं: ‘प्राइड महिन्यानिमित्त एलजीबीटीक्यू समूहातील कलाकारांचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम’. १९ मार्चला अर्ज घेऊन गेले. व्यवस्थापक बाईंनी चष्मा लावून तो वाचला, खालची सही पाहिली आणि विचारलं, “ऑर्गन तुमचा आणणार का आमचा घेणार? आमच्या ऑर्गनचे दोन सूर दबतात.” एवढंच. मला खुर्चीवरून उठवेना.

दोनशे ऐंशी खुर्च्या, संध्याकाळचं सत्र, भाडं साडेआठ हजार, अनामत पाच हजार. हाताला लागलेल्या दोन गोष्टी सांगते. आपला गट नोंदणीकृत नसेल तर अर्ज, पॅन, धनादेश सगळं एकाच माणसाच्या नावावर ठेवा. आम्ही अर्ज माझ्या नावाने आणि धनादेश दुसऱ्याच्या खात्यातून असं केलं आणि पावती दुरुस्त करून घ्यायला तीन हेलपाटे पडले. आणि जे काही तोंडी ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने ‘आज ठरल्याप्रमाणे’ असं लिहून पाठवा.

बाईंनी कागदांची यादी दिली: ओळखपत्र, पॅन, कार्यक्रमाची संहिता, प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, स्थानिक पोलीस ठाण्याचं ना हरकत पत्र आणि गाण्यांच्या हक्कांबद्दल हमीपत्र. गाण्यांच्या कार्यक्रमाला संहिता कसली, असं मला वाटलं होतं. पण आमच्याकडे सलग निवेदन होतं, त्यात छोटे प्रवेश वाचले जाणार होते, म्हणून ती द्यायची ठरलं. निवेदन नीट टाइप केलं, पदांची यादी नाटकाच्या आणि पदकर्त्यांच्या नावासह जोडली आणि २१ एप्रिलला मंडळाकडे पाठवलं. ३० मे रोजी प्रमाणपत्र हातात आलं. साधारण सहा आठवडे धरून चाला. संहिता पाठवल्यावर निवेदनात मोठे बदल करता येत नाहीत, म्हणून बालगंधर्वांबद्दलचा तो वाद आधीच झाला याचं मला नंतर फार बरं वाटलं.

हक्कांचा भाग किचकट वाटला तरी समजून घेतल्यावर सोपा निघाला. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. मी वहीत तक्ताच केला. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. ‘स्वयंवर’ला चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये. ‘स्वयंवर’ लिहिणारे खाडिलकर १९४८ मध्ये, म्हणजे त्यांची पदं २००९ पासून मोकळी. ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०१५ अखेर संपला. ‘एकच प्याला’पाशी मी अडखळले. नाटककार गडकरी १९१९ मध्येच गेले, त्यामुळे प्रश्न नाही असं मी धरून चालले होते, पण त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. ते १९६२ मध्ये गेले. म्हणजे ती पदं मोकळी होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. नाटककार आणि पदकर्ता वेगळे असू शकतात, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुनी दहा पदं सुटली. अडकलं ते ‘मत्स्यगंधा’तलं ‘गुंतता हृदय हे’. नाटक १९६४ चं. ते लिहिणारे वसंत कानेटकर २००० साली गेले आणि चाल देणारे जितेंद्र अभिषेकी १९९८ साली, म्हणजे हक्क अजून बरीच वर्षं आहेत. हौशी मंडळींनी फुकट प्रवेश ठेवून केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे, पण आमचं तिकीट दोनशे रुपये होतं. दोघांनी सुचवलं, ते पद गाळू. मी हट्ट धरला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन अर्ज केला, शुल्क आगाऊ भरलं, परवाना ईमेलने आला. गाणाऱ्यांनीच गाणं लिहिणाऱ्यांचे पैसे बुडवू नयेत असं मला मनापासून वाटतं. तिकिटावर जीएसटी लागेल का, ही दुसरी धास्ती होती. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला अशा कार्यक्रमात तो माफ आहे, असं आमच्या हिशेबनीसाने सीए मैत्रिणीकडून लेखी घेतलं आणि फाईलला लावलं.

तालमी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दर रविवारी बुवांकडे, आणि शेवटच्या सहा तालमी तासाला पाचशे रुपये देऊन भाड्याच्या खोलीत. यातली एक सकाळ मला अगदी जवळून आठवते. आमच्यातली एक ट्रान्स मैत्रीण ‘एकच प्याला’मधलं ‘सत्य वदे वचनाला’ म्हणणार होती. ती पांढरी पाचमध्ये, म्हणजे ऑर्गनच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, गायचा आग्रह धरून बसली होती, कारण बायका त्या पट्टीत गातात. वरचा षड्ज आला की मान ताणली जायची, गळ्याची शीर उठायची आणि शब्द चिमटल्यासारखे बाहेर यायचे. तीन रविवार हेच. चौथ्या रविवारी बुवांनी तिला ऑर्गनकडे पाठ करून बसायला सांगितलं. “पट्टी कुठली ते मी सांगणार नाही. नुसता सा लाव.” त्यांनी एक सूर धरला, तिने सा लावला, त्यांनी तो सोडला, दुसरा धरला. असं पाच-सहा वेळा. एका सुरावर तिचे खांदे खाली आले. आम्हा सगळ्यांना दिसलं. बुवांनी पायाने भाता संथ केला आणि त्याच सुरावर थांबून राहिले. ती तिथूनच ‘सत्य वदे’ म्हणायला लागली. पूर्ण पद झाल्यावर तिने विचारलं, कुठली होती? काळी दोन. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. परत आल्यावर म्हणाली, “हीच ठेवा.”

पट्ट्यांवरून एक व्यवहाराची गोष्ट. चार गाणारे, चार पट्ट्या, आणि प्रत्येक पदाला तबला बदलायचा तर मैफलीत निम्मा वेळ ठाकठोक ऐकू येणार. म्हणून एका पट्टीतली पदं लागोपाठ घ्या. आम्ही क्रम असा लावला की तबलजीला तीनदाच तबला बदलावा लागला आणि त्या तिन्ही वेळी निवेदन होतं. ऑर्गनचंही सांगते. आम्ही बुवांचाच ऑर्गन न्यायचं ठरवलं. जूनच्या दमट हवेत त्याच्या बोटाखालच्या दोन पट्ट्या चिकटायला लागल्या. दुरुस्त करणारा माणूस २,५०० रुपये आणि आठ दिवस म्हणाला, बारा दिवस लागले. पावसाळ्यात कार्यक्रम असेल तर वाद्य मे महिन्यातच दाखवून घ्या.

जाहिरात सुरू झाल्यावर वेगळ्याच काळज्या सुरू झाल्या. पुण्यात २०११ पासून प्राइडची फेरी निघते, पण फेरीतून चालणं आणि नाव छापून मंचावर बसणं यात फरक असतो. आम्ही प्रत्येकाला विचारूनच पोस्टरवर नाव घातलं. दोघांनी फक्त पहिलं नाव दिलं. तरी १४ जूनला, कार्यक्रमाला बारा दिवस असताना, ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणणाऱ्या मुलीचा रात्री अकराला फोन आला. पोस्टर फिरत फिरत तिच्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचलं होतं. घरात मोठा तमाशा झाला होता. “ताई, मला नाही जमणार. माझं नाव काढ.” मी म्हटलं, “काढते. तू ठीक आहेस ना? कुठे आहेस?” ती मैत्रिणीकडे होती. ते ऐकून जीव भांड्यात पडला. नाव रातोरात काढून नवीन पोस्टर केलं. तिला मंचावर आणायची घाई मीच केली होती का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. पुढच्या वेळी आम्ही पोस्टरवर कुणाचंच नाव घालणार नाही, फक्त पदांची नावं.

पोलीस ठाण्यात मी ९ जूनला पहिल्यांदा गेले. हवालदारसाहेबांनी अर्ज घेतला, “प्राइड म्हणजे काय हो मॅडम?” असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, माणसं किती, गाड्या कुठे लावणार, संपणार किती वाजता. मग म्हणाले, आता पालखीचा बंदोबस्त आहे, नंतर या. २० जूनला पालख्या पुण्यात मुक्कामी येणार होत्या, सगळं ठाणं त्यात गुंतलेलं. १२ ला गेले, १७ ला गेले. पालख्या २२ ला पुढे गेल्या, २३ ला साहेब सुट्टीवर. २४ जूनला दुपारी चार वाजता सही-शिक्का मिळाला. कार्यक्रमाला दोनच दिवस उरले होते. जूनमध्ये पुण्यात कार्यक्रम घेणार असाल तर पालखीच्या तारखा आधी बघा आणि अर्ज मेमध्येच द्या. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत पिशवीत असली की प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

२६ जून. सकाळपासून रिपरिप. टेम्पोत ऑर्गनवर दोन गोधड्या आणि वर ताडपत्री. दुपारी दोनला सभागृह ताब्यात मिळालं, ध्वनिवाल्यांनी चारपर्यंत माइक लावले. शेवटच्या चार रांगांवर आम्ही कागद चिकटवले: ‘या रांगांचे फोटो काढले जाणार नाहीत’. छायाचित्रकारालाही तसंच बजावलं होतं. ही कल्पना निवेदकाची, आणि ज्यांना यायचं आहे पण दिसायचं नाही अशांसाठी ती फार उपयोगी पडली. त्या रांगा सगळ्यात आधी भरल्या. चाळीस प्रवेशिका आम्ही ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या, कारण न विचारता द्यायच्या. त्यातल्या एकतीस गेल्या.

पावणेसहाला दारात आई दिसली. तिला मी आमंत्रण दिलं होतं, तिने हो म्हटलं नव्हतं. मला गाण्याची गोडी तिनेच लावली. माझ्या जोडीदाराला ती आठ वर्षं ‘तुझी ती मैत्रीण’ म्हणते. ओली छत्री हातात धरून तिने विचारलं, “फोटो न काढायच्या रांगा कुठल्या?” मी तिला शेवटून दुसऱ्या रांगेत बसवलं.

विंगेत नटराजाची पूजा झाली, नारळ वाढवला. पहिली घंटा, दुसरी घंटा. तिसरी घंटा वाजवायचं काम बुवांनी आमच्या हिशेबनीसाला दिलं, कारण पाच महिने तो मंचाच्या मागेच होता. त्याचा हात थरथरत होता. पडदा वर गेला आणि सगळ्यांनी मिळून ‘पंचतुंड’ ही ‘शाकुंतल’ची नांदी म्हटली. समोर काळोखात माणसं किती आहेत ते दिसत नव्हतं, पण नांदीनंतर टाळ्या आल्या तेव्हा अंदाज आला.

‘नाथ हा माझा’ त्याने कुडत्यातच म्हटलं. पद संपताना त्याने नजर उचलून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, लपवून नाही, सरळ पाहिलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला, तेव्हा हे दोघं माझ्या घरी टीव्हीसमोर बसले होते. त्या दिवसाचे चेहरे मला माहीत होते, म्हणून या दिवसाचे मी डोळे भरून बघितले.

‘वद जाऊ कुणाला शरण’ आम्ही गाळलं नाही आणि दुसऱ्या कुणाला दिलंही नाही. निवेदकाने एवढंच सांगितलं की हे पद म्हणणारी आज इथे येऊ शकली नाही. बुवांनी ते नुसतं ऑर्गनवर वाजवलं. तबला नाही, झांज नाही. जिथे ती आलाप घ्यायची तिथे बुवा भाता धरून एक सूर लांबवत होते आणि मंचाच्या मधोमध तिचा माइक उभा होता. साडेचार मिनिटं. नंतर लगेच पुढचं पद घेतलं नाही, निवेदकही थोडा वेळ गप्प राहिला.

माझं ‘प्रिये पहा’ मध्यंतरानंतर. पहिली ओळ म्हणताना घसा कोरडा पडला होता, दुसरीला सूर सापडला. माझी जोडीदार कुठे बसली आहे ते मला माहीत होतं, तिकडेच बघून म्हटलं. भैरवीला नऊ वाजून पन्नास मिनिटं झाली. म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशीर, त्याचे सहाशे रुपये नंतर अनामतीतून कापले गेले. मध्यंतर पंधरा मिनिटांचं ठेवलंत तर ते पंचवीस मिनिटांचं होतं, हे धरूनच वेळ आखा.

हिशेब देते, कारण तो कुणी देत नाही. भाडं ८,५००. ध्वनी-प्रकाश ११,०००. ऑर्गन दुरुस्ती २,५०० आणि टेम्पो १,८००. ऑर्गन-तबल्याचं मानधन मिळून ८,०००, बुवांना मी आडून विचारलं होतं की घ्याल ना, तर म्हणाले, “वादकाला पैसे द्यायचेच असतात, विचारायचं काय त्यात.” छपाई ४,२००. तालमीची खोली ३,०००. चहा-नाश्ता ३,६००. परवाने, झेरॉक्स, कुरिअर, प्रवास मिळून ५,४००. एकूण ४८,०००. तिकिटं १८७ विकली गेली, त्याचे ३७,४००. नऊ जणांनी मिळून १३,००० देणगी दिली. अनामतीतली कपात वजा जाऊन १,८०० शिल्लक. ते पुढच्या वेळच्या ऑर्गन दुरुस्तीला ठेवलेत.

आईने दारातून जाताना म्हटलं, “ऑर्गन फार पुढे होता, आवाज दबत होता तुमचा.” रिक्षात बसताना कार्यक्रमपत्रिका घडी घालून पर्समध्ये ठेवली.

‘वद जाऊ’वालीला आम्ही ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं: “बुवांनी अंतऱ्यात लय चढवली.” मी ते बुवांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे तिचं.

१४ जुलैला अनामतीचा ४,४०० रुपयांचा धनादेश आला. त्याच आठवड्यात रविवारी ती बुवांकडे आली. दारात चप्पल काढून आत आली, कोपऱ्यातल्या सतरंजीवर नेहमीच्या जागी बसली. कुणी काही विचारलं नाही. बुवांनी काळी चार धरली.